यावेळी बेल दुसऱ्याच्या हातात

टूरबरोबर श्रीलंकेला चाललोय म्हटल्यावर पुतण्या हसला. "काका, झेंड्यामागं पळायचं वय आहे का तुमचं? ऑनलाइन तिकीट काढा, गाडी ठरवा, मनाला येईल तिथं थांबा." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण माझी उभी नोकरी एस.टी.च्या दारात गेली आहे. पन्नास माणसं गाडीत घालायची, त्यांची भांडणं मिटवायची, कुणाचं गाठोडं कुणाच्या पायात आलं ते बघायचं आणि सगळ्यांना वेळेत उतरवायचं, हे काम काय असतं ते मला विचारा. आता तेच काम दुसरं कुणीतरी करणार आणि मी खिडकीशी बसून शेंगा खाणार, एवढ्यासाठीच मी पैसे भरले होते. लंका ही वरकड कमाई.

मुंबईहून विमान अडीच तासांत कोलंबोला उतरतं. दहिवडीहून मुंबई गाठायला आम्हाला त्याच्या तिप्पट वेळ लागला. घड्याळ फिरवायला लागत नाही, त्यांची वेळ आपलीच. वाहतूकही डावीकडूनच. आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीनच्या आसपास मिळत होते, त्यामुळं पहिले दोन दिवस अख्ख्या गाडीला आपण सावकार झाल्याचा भास होत होता. मग पाण्याची बाटली विकत घेतली आणि सगळे जमिनीवर आले.

टूर मॅनेजर म्हणजे डोंबिवलीचा एक पंचविशीतला पोरगा. गोड बोलणारा, पळापळ करणारा. पहिल्याच सकाळी तो माणसं मोजायला लागला. एक, दोन, तीन करत मागच्या सीटपर्यंत गेला, तेवढ्यात पुढून दोघी जणी पाणी आणायला खाली उतरल्या. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळेला मला राहवेना. म्हटलं, "बाळा, डोकी मोजू नकोस, रिकाम्या सीटा मोज. माणसं हलतात, सीट हलत नाही. गाडी पंचेचाळीसची आहे, आपण सदतीस आहोत. आठ रिकाम्या दिसल्या की मार डबल बेल." त्यानं मोजल्या, नऊ निघाल्या. ठाण्याचे एक काका अजून हॉटेलच्या लिफ्टमध्ये होते. त्या दिवसापासून पोरगा मला 'सर' म्हणायला लागला आणि ही मला म्हणाली, "तुम्ही रिटायर झालाय, विसरू नका."

रोजचा नियम सहा-सात-आठ. सहाला फोन वाजवून उठवणार, सातला नाश्ता, आठला गाडी हलणार. सीटाही रोज दोन रांगा पुढं सरकायच्या, म्हणजे पुढच्या सीटवरून भांडण नको. तरी ते झालंच. पुण्याच्या दोघी बहिणींपैकी धाकटीला गाडी लागायची, त्यामुळं तिला कायम पुढची सीट हवी होती. गाडी लागणारा माणूस घाट आला की गप्प होतो, ही मात्र सरळ रस्त्यावरही बोलत होती. मी मत दिलं नाही.

आमचे गाईड पन्नाशीचे. पांढरा शर्ट, बारीक मिशी, गळ्यात सरकारी ओळखपत्र. त्यावर 'नॅशनल टुरिस्ट गाईड लेक्चरर' असं छापलेलं. तिकडे परवाना काढलेल्या गाईडला सरकारच लेक्चरर म्हणतं, आणि हा माणूस ते मनावर घेऊन वागत होता. हिंदी मोडकी, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. माईक हातात असताना गप्प कधी बसावं हे कळणारा माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय. हे गृहस्थ दहा मिनिटं बोलायचे आणि मग माईक बंद करून खिडकीबाहेर बघायचे. तुम्हीही बघा, असा त्याचा अर्थ.

पहिल्या लांबच्या टप्प्यात पोरानं अंताक्षरी लावली होती, ती संपल्यावर मी पुढं जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. गप्पा निघाल्या. 21 एप्रिल 2019 ला, ईस्टरच्या रविवारी, चर्चमध्ये आणि मोठ्या हॉटेलांत बॉम्ब फुटले आणि पर्यटक थांबले. सावरतोय तोवर करोना. तो ओसरतोय तोवर 2022. देशाकडं परकीय चलन उरलं नाही, पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत. त्या वर्षात त्यांनी भावाची रिक्षा चालवली. रिक्षा म्हणजे बजाजच, लंकेत रस्तोरस्ती तीच दिसते. पण रिक्षाला पेट्रोल कुठं होतं? पंपावर रांगेत रात्र काढायची, रिक्षातच झोपायचं. नंतर सरकारनं क्यूआर कोड आणला, आठवड्याला ठरलेले लिटर. जुलैमध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले, ते आपणही टीव्हीवर पाहिलं. मी विचारलं, तुम्ही गेला होता का कोलंबोला? म्हणाले, "जायला पेट्रोल लागतं, सर."

सिगिरियाला निम्मी गाडी खालीच बसणार हे मला आदल्या रात्रीच दिसत होतं. बाराशेच्या आसपास पायऱ्या, रानातून एकदम वर आलेला सुमारे दोनशे मीटरचा एकच खडक. गाईडनी कुणाला आग्रह केला नाही, कुणाला घाबरवलंही नाही. फक्त एवढं म्हणाले, की मी सगळ्यात मागं असेन, माझ्या मागं कुणी राहणार नाही. ही एका वाक्यात तयार झाली. माळकरी बाई, पंढरीची वारी केलेली, तिला पायऱ्यांचं काय.

सुरुवातीला पाण्याच्या बागा लागतात. पाचव्या शतकातल्या. चांगला पाऊस झाला की तिथली कारंजी आजही उडतात. पंप नाही, नुसता उतार आणि दाब. तिथं एका झाडाखाली उभं करून गाईडनी कश्यपाची गोष्ट सांगितली. बाप धातुसेन राजा. त्यानं कलावेवा नावाचा प्रचंड तलाव बांधला. त्या तलावातून राजधानी अनुराधपुराला जाणारा कालवा 87 किलोमीटरचा, आणि उतार किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर. कश्यपानं बापाला कैद करून विचारलं, खजिना कुठं आहे? म्हातारा म्हणाला, मला कलावेव्याला ने, दाखवतो. तिथं गेल्यावर तो पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, हा माझा सगळा खजिना. मुलानं त्याला ठार मारलं, आणि गादीचा खरा वारस असलेला धाकटा भाऊ मोग्गलान परत येईल या भीतीनं या खडकावर येऊन राहिला.

आम्ही माणदेशातली माणसं. टँकरची वाट बघत बालपण गेलेलं. ओंजळीतल्या पाण्याची ती गोष्ट ऐकताना बाकीचे फोटोसाठी जागा शोधत होते, आणि हिनं मला कोपरानं ढोसलं. पुढं सगळा दिवस ती कश्यपाला शिव्या देत चढली.

वर जाताना ती सुप्रसिद्ध चित्रं आहेत, ढगातून निम्म्या बाहेर आलेल्या बायका. फोटो काढायला मनाई, रखवालदार खमके. त्याच्या पुढं आरशाची भिंत. एके काळी म्हणे तिच्यात चेहरा दिसायचा. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेल्या लोकांनी त्या भिंतीवर कविता खरडून ठेवल्यात. परणविताना नावाच्या विद्वानांनी त्यातल्या 685 वाचून 1956 मध्ये छापल्या. एस.टी.च्या सीटच्या पाठीवर बदाम काढून नावं लिहिणाऱ्यांचं पुढं कुणी एवढं सोनं करेल असं वाटत नाही.

सिंहाच्या पंजांपाशी पोचल्यावर माझा गुडघा बोलायला लागला. पुढं लोखंडी जिना. गाईड मागून आले, म्हणाले, पन्नास पायऱ्या, मग उभं राहायचं, मग पन्नास. वर गेलो. वारा असा की टोपी हातात धरावी लागली. चहूकडं रान आणि रानात चमकणारे तलाव. कश्यपाचा शेवट त्यांनी वर सांगितला. भाऊ सैन्य घेऊन आला. लढाईत पुढं दलदल दिसली म्हणून कश्यपानं हत्ती बाजूला वळवला, सैन्याला वाटलं राजा माघारी फिरला आणि सगळे पळाले. मग त्यानं स्वतःच स्वतःचा गळा चिरला. पुढची गाडी रिव्हर्स घेताना मागच्यांना हात दाखवायचा असतो, एवढं साधं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मसाल्याच्या बागेचं. कँडीच्या वाटेवर मातले भागात या बागा ओळीनं आहेत. बाग म्हणजे मिरीचा वेल, कोकोचं झाड, व्हॅनिला, वेलदोडा, आणि नंतर एक लांब बाक. बाकावर बसवून तेलं, मलमं, अर्क दाखवतात. केस काढायचं आयुर्वेदिक मलम दाखवायला कोण येतं म्हटल्यावर ठाण्याचे काका उत्साहानं पुढं झाले. पाच मिनिटांनी पुसलं तर नडगीवर चौकोनी टक्कल. गाडीभर हशा. मग दुकान. किमती बघून ही म्हणाली, "घरी मिरी आहे."

गाडी कुठं थांबते हे कधीच योगायोगानं ठरत नाही. हायवेच्या धाब्यावर ड्रायव्हर-कंडक्टरचं ताट वेगळं लागतं आणि त्याचं बिल प्रवाशांच्या मिसळीत असतं, हे ज्यानं ते ताट पाहिलंय त्याला समजावून सांगायला नको. त्यामुळं मला राग आला नाही. पण अख्ख्या सहलीत मसाले, रत्नं, बाटिक, पुन्हा रत्नं असं चालू राहिलं, तेव्हा हिशोब मांडावासा वाटला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांच्याच कार्यक्रमात हे असतं असं इतर जाऊन आलेले सांगतात. गाईड बागेत आत आलेच नाहीत, बाहेर सावलीत उभे होते. मी विचारल्यावर म्हणाले, "कार्यक्रमात छापलंय सर, मी खोडू शकत नाही. मी आत जात नाही, एवढंच माझ्या हातात आहे."

त्या बागेत एकच गोष्ट पैसे वसूल होती आणि तिच्यापाशी कुणी थांबलं नाही. कोपऱ्यात एक म्हातारा दालचिनी सोलत बसला होता. अंगठ्याएवढी जाड फांदी. आधी वरची खरबरीत साल खरवडून काढली. मग पितळेच्या दांड्यानं ती फांदी जोर लावून घासली, म्हणजे आतली साल लाकडापासून सुटते. मग पात्यानं दोन उभ्या चिरा, आणि नखानं हळूच उचलून अख्खी पन्हळ बाहेर. तिच्या पोटात बारके तुकडे भरत गेला, वर दुसरी पन्हळ सरकवली, झाली कांडी. आपल्याकडं किराणा दुकानात मिळते ती बऱ्याचदा जाड, एकपदरी साल असते. ही कागदासारखी पातळ, दाबली की चुरा. वास घ्यायला त्यानं बोटं पुढं केली. विकायला त्याच्याकडं काहीच नव्हतं.

कँडीला दुपारी रत्नांचं दुकान होतं. आधी खाणीवर फिल्म, मग खाणीचं लाकडी मॉडेल, मग काचेची कपाटं. मी गाईडला म्हटलं, मला दोन तास सोडा, मला तुमची लाल गाडी बघायची आहे. त्यांना आधी कळेना. मग हसले. कागदावर सिंहलीत काहीतरी लिहून दिलं, म्हणाले, हा कागद कंडक्टरला दाखवा, पेरादेनियाला उतरा, पलीकडून परत बसा, फोन चालू ठेवा. हिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही जा. मला फुकटची फिल्म बघू दे, एसी आहे."

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बसगाड्यांची झुंबड. खाजगी गाड्या वेगळ्या रंगांच्या, सरकारी गाडी लाल. लेलँडच. आपली पहिली एस.टी. 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली. यांच्या सरकारनं 1 जानेवारी 1958 ला सगळ्या खाजगी बसगाड्या ताब्यात घेऊन एक महामंडळ केलं. मधल्या काळात खाजगी पुन्हा सुटल्या, त्याचा परिणाम स्टँडवर उभं राहिलं की दिसतो. दोन्हीकडचे कंडक्टर एकाच प्रवाशाला ओढत होते.

मी लाल गाडीत चढलो. पाटी तीन लिप्यांत, सिंहली, तमिळ, इंग्रजी. ड्रायव्हरच्या वर बुद्ध, त्याच्या शेजारी गणपती, दोघांना मिळून एकच लुकलुकणारी दिव्याची माळ. दारापाशीच्या सीटवर पाटी होती, भिक्षूंसाठी राखीव. कंडक्टर पोरसवदा, नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरलेल्या, दहाच्या वेगळ्या, शंभरच्या वेगळ्या. गर्दीत मागून पुढं येताना तो एकच वाक्य ओरडत होता. शब्द कळले नाहीत, पण ते वाक्य मी हयातभर ओरडलोय.

एका थांब्यावर भगव्या वस्त्रातला एक तरुण भिक्षू चढला. राखीव सीटवर एक बाई पोराला घेऊन बसली होती. ती लगेच उठली. पोर झोपलेलं, दप्तर गळ्यात, तरी उठली. आणि तिनं त्याला स्पर्श होणार नाही एवढं अंतर राखून वाट दिली. मला ते पटलं नाही. आपल्याकडं आमदारांसाठी सीट राखीव असते, पण आमदार एस.टी.त चढतो कुठं? इथं भिक्षू खरोखर चढतात. शेवटी दुसऱ्या एका मुलानं उठून त्या बाईला जागा दिली आणि माझा जीव खाली पडला.

मी कंडक्टरला खुणेनं आणि इंग्रजीनं सांगितलं, मीपण कंडक्टर, इंडिया, रिटायर. तो मोठ्यानं हसला, हात मिळवला, ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, आणि माझं तिकीट फाडलं. पूर्ण भाडं. आपले वीस रुपयेसुद्धा झाले नाहीत, पण मला फार बरं वाटलं. मला फुकट सोडलं असतं आणि चेकर चढला असता, तर पोराची नोकरी गेली असती.

परत आलो तोवर खरेदी आटोपली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी नीलम घेतला होता आणि तो खरा आहे का हे विचारत ते सगळ्या गाडीला दाखवत होते. हिनं काही घेतलं नाही, फक्त दोनदा चहा प्याली.

संध्याकाळी दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर. ढोल सुरू झाले की छातीत वाजतात. निळी कमळं घेऊन पांढऱ्या कपड्यांतली माणसं रांगेत. दात दिसत नाही. एकात एक सोन्याच्या पेट्या, त्यातली बाहेरची दारातून क्षणभर दिसते आणि रांग पुढं. ही म्हणाली, "पंढरपूरला निदान पायाला हात लागतो." पण परत फिरताना तिनं एका म्हातारीकडून कमळ घेतलं आणि रांगेच्या शेवटी पुन्हा उभी राहिली.

खाण्याचं सांगायचं तर रात्री रोज पनीर. समुद्रानं वेढलेल्या देशात एवढं पनीर कुठून येत होतं देव जाणे. मी नाश्त्याला त्यांच्या टेबलाकडं सरकायचो: शेवयांच्या चकत्यांसारखी इंडिअप्पं, पातळ डाळ, नारळाच्या दुधातला भात, आणि पोल सांबोळ, म्हणजे ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू. हिलाही ते आवडलं असतं. पण गाईडनी पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ताई, त्यात सुक्या माशाचा चुरा घालतात, भाजीतही घालतात, मला विचारल्याशिवाय घेऊ नका. रोज सकाळी ते स्वतः स्वयंपाकघरात जाऊन विचारून यायचे. मातीच्या गाडग्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर माडाच्या जातीच्या झाडाचा काकवीसारखा पाक, हे मात्र तिनं निर्धास्त खाल्लं.

नुवारा एलियाच्या घाटात गाईडनी माईक घेतला. म्हणाले, चहाच्या कारखान्यात तुम्हाला हे सांगणार नाहीत, म्हणून मी गाडीत सांगतो. इथं आधी कॉफी होती. 1869 पासून पानांवर तांबेरा पडला आणि कॉफी गेली. त्याच्या दोनच वर्षं आधी जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसानं लूलकोंडेराला चहाचा मळा लावला होता, मग सगळे चहाकडं वळले. राबायला माणसं आणली तमिळ मुलखातून. देश स्वतंत्र झाल्यावर 1948 च्या कायद्यानं या मजुरांना नागरिकत्वच मिळालं नाही. 1964 मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाव भंडारनायके यांनी करार केला: सव्वापाच लाख भारतानं घ्यायचे, तीन लाख लंकेनं, उरलेल्यांचं नंतर बघू. ज्यांनी भारत कधी पाहिला नव्हता अशी माणसं जहाजात बसवून पाठवली. राहिलेल्यांचा प्रश्न मिटायला 2003 उजाडलं. रोजची मजुरी हजार रुपये व्हावी म्हणून वर्षानुवर्षं भांडले, 2021 ला ती झाली, आणि पुढच्याच वर्षी रुपया गडगडला. गाईड स्वतः सिंहली. तरी बोलताना 'ते लोक' असं एकदाही म्हणाले नाहीत.

मळ्यात फोटोला उभ्या राहणाऱ्या दोन बायका होत्या, फोटोचे पैसे घेणाऱ्या. आमच्यातले काही जण कुरकुरले, की हे खोटं आहे, या चहा खुडत नाहीत. खुडून काय मिळतं ते नुकतंच ऐकलं होतं की.

सीता अम्मन मंदिर तिथून जवळ. ओढा, खडकावरच्या पावलांच्या खुणा, माकडं. डॉक्टरांनी रामायणातली लंका ही नव्हेच, असा मुद्दा काढला आणि गाडीत दोन तट पडले. वाद वाढल्यावर गाईडना विचारलं, तुमच्याकडं रावणाला काय मानतात? ते शांतपणे म्हणाले, "2019 ला आम्ही पहिला उपग्रह सोडला, त्याचं नाव रावण-1." त्यानंतर गाडी बराच वेळ शांत होती.

त्या थंडीत काही मंडळींना रात्री जरा गरम व्हायचं होतं. नेमकी माघी पौर्णिमा. लंकेत प्रत्येक पौर्णिमेला पोया, सरकारी सुट्टी, आणि दारू देशभर बंद. हॉटेलच्या बारला कुलूप. ठाण्याचे काका चहा पीत बसले. चहाचाच गाव, तक्रार कुणाकडं करणार.

रेल्वेचा प्रवास सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. नानुओयाला बसलो, एल्लाला उतरलो. मधे पट्टीपोला स्टेशन 1,891 मीटरवर. धुकं, निलगिरी, मधेच उघडी दरी. सुंदर आहे, वादच नाही. पण माझं निम्मं लक्ष दाराकडं. जगभरातून आलेली पोरं दारातून अर्धी बाहेर लटकून फोटो काढतात, आणि डोंगराची कपार हातभर अंतरावरून जाते. मी दोघांना आत ओढलं. एकाला मराठी येत नव्हतं, पण माझा आवाज कळला. एल्लाचा नऊ कमानींचा पूल 1921 चा, दगड, वीट आणि सिमेंट, लोखंड नाही. वर गाडी आली तेव्हा खालच्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या, जणू ती प्रथमच येत होती.

दक्षिणेकडं उतरलो. काठ्यांवर बसून मासे धरणारे कोळी आता फोटोसाठीच बसतात, भाव आधी ठरवा. गॉलचा किल्ला पोर्तुगिजांनी सुरू केला, डचांनी बांधून काढला, आणि तटावर उभं राहिलं की खालचं क्रिकेटचं मैदान आयतं दिसतं. तिथून बेंटोटाला एक्सप्रेस वेनं पाऊण तासात पोचलो असतो. गाईडनी ड्रायव्हरशी काहीतरी बोलून घेतलं आणि गाडी किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याला लागली. हिक्कडुवाच्या पुढं पेरालियाला थांबली. हे कार्यक्रमात नव्हतं.

26 डिसेंबर 2004, त्सुनामीचा दिवस. तोही पोयाचाच, नाताळला लागून, त्यामुळं कोलंबोहून निघालेली 'समुद्रदेवी' ही रेल्वेगाडी खच्चून भरलेली. रूळ समुद्रापासून किती जवळ आहे ते तिथं उभं राहून बघावं. पहिल्या लाटेचं पाणी आलं, गाडी थांबली. आजूबाजूच्या गावकऱ्यांना वाटलं, गाडी म्हणजे पक्की जागा. कुणी टपावर चढलं, कुणी आत शिरलं, कुणी डब्यांच्या आडोशाला उभं राहिलं. मग मोठी लाट आली. मेलेल्यांचा आकडा सतराशेच्या घरात सांगतात, नक्की कुणालाच माहीत नाही. गाईडनी एक गोष्ट आणखी सांगितली. लाटेची बातमी लागल्यावर अलीकडच्या आंबलांगोडा स्टेशनवर ही गाडी अडवायचा प्रयत्न झाला होता. पण गाडी फलाटावर आलेली, स्टेशनची सगळी माणसं तिच्याच कामात. फोन उचलायला कुणी नव्हतं. उचलला तेव्हा गाडी सुटली होती.

फलाटावर गाडी आहे म्हणून फोन वाजत राहिला, हे मी कितीदा पाहिलंय. मला त्या स्टेशनवरच्या माणसांचं पुढं काय झालं असेल ते विचारायचं होतं, विचारलं नाही. ते इंजिन दुरुस्त करून पुन्हा रुळावर आणलंय. आम्ही उभे असतानाच एक लोकल गॉलकडं गेली. दारात पोरं लटकलेली.

बेंटोटाहून कोलंबोला येताना कळुताराच्या बोधिवृक्षापाशी ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. हेल्पर उडी मारून उतरला, दानपेटीत नाणी टाकली, हात जोडले, पुन्हा चढला. मिनिटभरात गाडी सुरू. त्या रस्त्यानं जाणारा जवळजवळ प्रत्येक जण हे करतो. हा हेल्पर अख्ख्या सहलीत दारातल्या पायरीवर, फळकुटावर बसून होता. आठ सीटा रिकाम्या होत्या, पण त्याला मागं बसायची परवानगी नव्हती म्हणे.

विमानतळाच्या वाटेवर पोरानं फॉर्म वाटले. हॉटेलला किती तारे, जेवणाला किती तारे, टूर मॅनेजरला किती तारे. गाईडला एक ओळ होती. ड्रायव्हर आणि हेल्परला ओळच नव्हती. मी कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं: रत्नांचं एक दुकान कमी करा. गॉल ते बेंटोटा कार्यक्रमातच किनाऱ्याच्या रस्त्यानं न्या. रात्रीचा एक वेळ तरी पनीर नको. हेल्परला सीट द्या.

पोरानं फॉर्म घेतला, मागची बाजू उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, "सर, हे सिस्टीममध्ये टाकता येत नाही."

म्हटलं, "टाकू नकोस. वाचलंस ना?"